केंटकीची बर्बन सहल: दिवसाला दोन डिस्टिलऱ्या, तिसरीचा मोह नको

‘केंटकी बर्बन ट्रेल’ हे नाव ऐकून एखादी पायवाट किंवा एका ओळीत लागलेली दुकानं डोळ्यांसमोर आली असतील तर ते चित्र आधी पुसून टाका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल, बार्ड्सटाउन, फ्रँकफर्ट आणि लेक्सिंग्टन या चार गावांच्या मधल्या कुरणांत आणि टेकड्यांत बर्बन ही मक्याची व्हिस्की गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या विखुरलेल्या आहेत. एकीकडून दुसरीकडे जायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. केंटकी डिस्टिलर्स असोसिएशन या उत्पादकांच्या संघटनेने १९९९ मध्ये त्यांना एका नावाखाली आणलं आणि पासपोर्टसारखी पुस्तिका व शिक्के सुरू केले. धंद्याच्या दृष्टीने कल्पना झकास आहे. पण पाहुण्याच्या सहलीचा घात करतो तोही हा शिक्काच. पुस्तिका हातात आली की अष्टविनायकासारखं सगळं ‘पूर्ण करायचं’ खूळ डोक्यात शिरतं, दिवसाला चार ठिकाणं ठरतात, आणि संध्याकाळी कोणती चव कुठली हेही आठवत नाही.

आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तीन रात्री, चार दिवस, एकूण आठ डिस्टिलऱ्या, दिवसाला दोनच. माहिती, स्वच्छता आणि टूर गाइडची तयारी यांना पैकीच्या पैकी. वाहतुकीला जेमतेम पास. बस-रेल्वे नाही म्हणजे नाहीच, आणि ही अडचण जो आधी सोडवत नाही त्याची सहल पहिल्याच दुपारी बिघडते.

दोनच का, याचं कारण बर्बनच्या कायद्यात आहे. अमेरिकेत बनलेली, किमान ५१ टक्के मका असलेली, ८० टक्के अल्कोहोलच्या वर न गाळलेली, आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात ६२.५ टक्क्यांच्या वर न भरलेली, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली न उतरवलेली, आणि पाण्याशिवाय बाहेरून काहीही न मिसळलेली, तीच बर्बन. नियम सगळ्यांना एकच असल्याने प्रत्येक टूरची पहिली पंधरा मिनिटं एकसारखीच जातात: मका, चुनखडीतून झिरपलेलं लोहविरहित पाणी, जाळलेलं पिंप. तिसऱ्या ठिकाणी तेच ऐकताना मंडळी मोबाइल काढतात. म्हणून नावं बघून डिस्टिलरी निवडू नका. तिथे असं काय दिसतं जे दुसरीकडे दिसत नाही, ते बघून निवडा. पुढची निवड त्याच हिशेबाने केली आहे.

पहिला दिवस, लुइव्हिल. गावाचं नाव स्थानिक लोक ‘लूव्हल’ असं तोंडातल्या तोंडात म्हणतात. विमानाने यायचं तर लुइव्हिल, लेक्सिंग्टन किंवा सिनसिनाटी यांपैकी कुठलाही विमानतळ चालतो. सिनसिनाटीचा विमानतळ मुळात केंटकीतच आहे. शिकागोहून गाडीने पाच तास धरा. पहिल्या दिवशी गाडीला हातही लावायचा नाही, कारण मेन स्ट्रीटवरची सगळी ठिकाणं पायी होतात. फ्रेझियर हिस्टरी म्युझियममध्ये ट्रेलचं स्वागत केंद्र आहे, तिथे नकाशा घ्या. जवळच मिक्टर्सची फोर्ट नेल्सन ही छोटी डिस्टिलरी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या मिक्टर्सची तांब्याची भांडी आणि सायप्रस लाकडाचे आंबवणाचे हौद इथे आणून बसवलेत. मोठ्या कारखान्यांत उंच पोलादी मनोरे दिसतात, इथे भांड्यात दारू गाळणं म्हणजे काय ते हाताच्या अंतरावरून दिसतं. हातभट्टी हा शब्द ज्यांच्या कानावर आहे त्यांना तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

तिथून मेन स्ट्रीटने किलोमीटरभर पूर्वेला ओल्ड फॉरेस्टर. १८७० चा हा ब्रँड फक्त सीलबंद बाटलीतून विकली जाणारी पहिली बर्बन म्हणून ओळखला जातो. त्यापूर्वी दुकानदार पिंपातून काढून द्यायचा आणि मध्ये काय मिसळायचा ते देव जाणे. एकाच इमारतीत आंबवण, गाळप, पिंप आणि बाटली अशी सगळी साखळी दिसते. खरा मोठा माल शायव्हलीच्या कारखान्यात तयार होतो, त्यामुळे याला प्रात्यक्षिक समजा, पण प्रात्यक्षिक उत्तम. तिकीट काढताना त्या दिवशी पिंप जाळून दाखवणार आहेत का, हे विचारून घ्या. पिंप आतून किती सेकंद जळतं यावर पुढचं सगळं ठरतं. क्रमांक एकला १५ सेकंद, दोनला ३०, तीनला ३५ आणि चारला ५५. चौथ्यात लाकडाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, म्हणून त्याला ‘अ‍ॅलिगेटर चार’ म्हणतात. कोळशाच्या थराच्या आत लाकडातली साखर करपून लाल पट्टा तयार होतो, आणि बर्बनचा सगळा रंग व व्हॅनिला-कॅरॅमलचा वास त्यातून येतो.

याच रस्त्यावरचं इव्हन विल्यम्सचं केंद्र नाटकी आहे. इतिहासाचे देखावे आवडत असतील तर जा, नाहीतर वेळ वाचवा.

दुसरा दिवस, बार्ड्सटाउनकडे. लुइव्हिलहून साधारण ६५ किलोमीटर, पाऊण तास. मुक्काम इथेच हलवा. लुइव्हिलला राहून रोज ये-जा करणारे दिवसाचा दीड-दोन तास उगाच गाडीत घालवतात. बार्ड्सटाउन लहान आहे, चौकाभोवती पायी फिरता येतं, आणि संध्याकाळी गाडी लागत नाही हा सगळ्यात मोठा फायदा. ऑस्कर गेट्झ म्युझियम ऑफ व्हिस्की हिस्टरी इथेच आहे. दारूबंदीच्या काळात, १९२० ते १९३३, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधी व्हिस्कीच्या बाटल्या तिथे पाहायला मिळतात. महाराष्ट्रात आजही दारूच्या परवान्यावर ‘आरोग्य राखण्यासाठी’ अशा अर्थाचा मजकूर असतो, तेव्हा मराठी माणसाने त्या चिठ्ठ्यांना हसू नये.

सकाळी हेवन हिल. ७ नोव्हेंबर १९९६ ला यांची डिस्टिलरी जळाली, सोबत सात कोठारं आणि सुमारे ९० हजार पिंपं. पेटलेली बर्बन ओढ्यासारखी उतारावरून वाहत गेली. त्यानंतर त्यांचं गाळप लुइव्हिलच्या बर्नहाइम कारखान्यात गेलं. इथे टूरपेक्षा चवीचा वर्ग निवडा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या सगळ्या ठिकाणी उपयोगी पडेल असं चवीचं तंत्र आधी शिकून घेतलेलं बरं. ग्लास नाकापाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं. बंद ठेवलं तर अल्कोहोलचा झटका बसतो आणि बाकी वास मरतात. पहिला घोट फक्त तोंडाला सरावासाठी, त्यावर मत द्यायचं नाही. दुसरा घोट चघळल्यासारखा जिभेवर फिरवायचा. मग दोन थेंब पाणी. बर्फ नको, सोडा तर अजिबात नको. एरवी काहीही करा, पण इथे पंचवीस डॉलर मोजून सोडा ओतण्यात अर्थ नाही.

दुपारी मेकर्स मार्क, लोरेटो. बार्ड्सटाउनहून २५-३० किलोमीटर, वळणावळणाचा अरुंद रस्ता, शेवटी काळ्या भिंती आणि लाल झडपांच्या इमारती. ट्रेलवर एकच जागा पाहायची असेल तर ही पाहा. राय या धान्याऐवजी इथे मऊ लाल गहू वापरतात: ७० टक्के मका, १६ गहू, १४ मोड आणलेलं बार्ली. रायचा तिखट चटका जातो आणि चव गोडसर, गोल होते. सायप्रसच्या हौदांमध्ये वरून फेस उसळत असतो. आंबिलीची आठवण होईल असा आंबट, पिठूळ वास येतो. गाइडने परवानगी दिली तर बोट बुडवून चाखून बघा. पहिल्या दिवसाच्या हौदातलं गोड लागतं, तिसऱ्या दिवसाचं आंबट, पातळ बिअरसारखं.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘सावर मॅश’ समजावताना बरेचजण विरजणाचा दाखला देतात. अर्धा बरोबर आहे. आदल्या गाळपानंतर भांड्यात उरलेलं आंबट पाणी पुढच्या मॅशमध्ये, म्हणजे शिजवलेल्या धान्याच्या लगद्यात घालतात, हे खरं. पण विरजणातले जिवाणू जिवंत असतात. हे पाणी उकळून निघालेलं असतं, त्यात जिवंत काही नसतं. त्यातून पुढे जातो तो फक्त आंबटपणा, आणि तो नको त्या जिवाणूंना रोखून यीस्टला सोयीची जागा करून देतो. यीस्ट दर वेळी वेगळं घालावंच लागतं. धान्य शिजवण्याचा क्रमही विचारण्यासारखा आहे. मका आधी, जवळजवळ उकळत्या पाण्यात, मग थोडं निववून राय किंवा गहू, आणि बार्ली सगळ्यात शेवटी ६५ अंशांच्या आसपास. बार्लीतली विकरं पिष्टाची साखर करतात, ती जास्त उष्णतेत मरतात. क्रम चुकला की हौदात नुसती लापशी राहते.

गिफ्ट शॉपमध्ये विकत घेतलेली बाटली स्वतः लाल मेणात बुडवता येते. एप्रन, बाह्या, चष्मा आणि हातमोजे देतात. बाटली उलटी धरून मान बुडवायची, बाहेर काढताना एक गिरकी द्यायची, आणि लगेच सरळ करायची. मेणाचे ओघळ आपोआप खाली उतरतात. बहुतेकांची चूक एकच: गडबडीत फार खोल बुडवतात, मग लेबलवर मेण चढतं आणि बाटली उघडताना मेण फाडायची पट्टी सापडत नाही. मानेपुरतंच बुडवा.

ज्यांना कारागिरी पाहायची आहे त्यांनी जवळच्या लेबननमधली केंटकी कूपरेज ही पिंपांची फॅक्टरी सकाळच्या वेळात बसवावी आणि त्या दिवशी हेवन हिल सोडून द्यावी. २०० लिटरचं पिंप, एक खिळा नाही की थेंबभर गोंद नाही. फळ्या वाफेने वाकवून लोखंडी कड्यांनी आवळतात. पुढचे पाय बंद असलेले बूट नसतील तर दारातूनच परत पाठवतात. कामाच्या दिवशीच टूर असतो, हे लक्षात ठेवा.

जिम बीम या वेळापत्रकात का नाही? क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ मध्ये गाळप थांबवत असल्याचं कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. पाहुण्यांसाठीचं केंद्र आणि रेस्टॉरंट सुरू ठेवायचं ठरलं, पण थंड भट्टी पाहायला जाण्यात मजा नाही. तरी त्या बाजूला जायला एक चांगलं कारण आहे. रस्त्यापलीकडे बर्नहाइम अरण्य आहे, व्हिस्कीत पैसा कमावलेल्या आयझॅक बर्नहाइम यांनी उभं केलेलं. तिथे डॅनिश कलाकार थॉमस डाम्बो यांनी टाकाऊ लाकडाचे तीन प्रचंड राक्षस बसवलेत. सोबत मुलं असतील, किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील ज्यांना या सगळ्या प्रकरणात रस नाही, तर दोन तास तिथे सहज जातात. मुलांना बऱ्याच डिस्टिलऱ्यांच्या टूरवर घेतात, चवीच्या टेबलावर मात्र वय २१ ची अट कडक आहे. पासपोर्ट किंवा अमेरिकन लायसन्स जवळ हवं. आधार कार्डाचा उपयोग नाही, आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात.

तिसरा दिवस, लॉरेन्सबर्ग. बार्ड्सटाउनहून ब्लूग्रास पार्कवेने पाऊण-एक तास. फोर रोझेस आणि वाइल्ड टर्की एकमेकांपासून पंधरा मिनिटांवर आहेत, त्यामुळे हा दिवस सगळ्यात आरामाचा.

फोर रोझेसची इमारत स्पॅनिश मिशन पद्धतीची, पिवळसर. केंटकीत ती जरा परकी वाटते. जायचं ते यीस्टसाठी. त्यांच्याकडे धान्याच्या दोन पाककृती आणि यीस्टचे पाच प्रकार आहेत, म्हणजे दहा वेगवेगळ्या बर्बन. बाटलीवर ओबीएसव्ही किंवा ओईएसके अशी चार अक्षरं दिसतात, ती वाचायला शिका. पहिलं ‘ओ’ म्हणजे लॉरेन्सबर्गची डिस्टिलरी. दुसरं ‘बी’ असेल तर ३५ टक्के राय, ‘ई’ असेल तर २०. तिसरं ‘एस’ नेहमीचंच. शेवटचं अक्षर यीस्टचं: व्ही हलकी फळं, के मसाला, ओ दाट फळं, क्यू फुलं, एफ वनस्पतींचा वास. एकाच यीस्टच्या ‘बी’ आणि ‘ई’ शेजारी शेजारी ठेवून चाखायला मिळाल्या तर सोडू नका. राय म्हणजे नेमकं काय करते ते एका मिनिटात जिभेला कळतं; तासभराच्या भाषणाने कळत नाही.

इथे एक सापळा आहे. फोर रोझेसचं दुसरं केंद्र कॉक्स क्रीकला, बार्ड्सटाउनच्या बाजूला आहे. तिथे कोठारं आणि बाटल्या भरण्याचं काम चालतं. दोन्ही केंद्रांत तासाभराचं अंतर. तिकीट एकाचं काढून दुसऱ्या दारात उभे राहणारे लोक रोज सापडतात, आणि उशिरा आलेल्याला पुढच्या टूरमध्ये घेतील याची खात्री नसते. तिकिटावरचा पत्ता पिनकोडसकट नकाशात टाका, नुसतं ब्रँडचं नाव टाकू नका.

वाइल्ड टर्कीमध्ये कोठार बघा. डिस्टिलर जिमी रसेल १९५४ पासून इथे, नंतर मुलगा एडी, आणि घराण्याची सवय जुनीच: क्रमांक चारचं जाळलेलं पिंप आणि भरताना ५७.५ टक्केच अल्कोहोल, म्हणजे कायद्याच्या मर्यादेहून पाच टक्के कमी. भरताना तीव्रता कमी ठेवली की नंतर बाटलीत पाणी कमी घालावं लागतं, चव दाट राहते. कोठारात शिरलात की वर-खाली बघा. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, तिथल्या पिंपांतून पाणी अधिक उडतं आणि अल्कोहोलचं प्रमाण वाढतं; तळमजल्यावर गारवा असतो, तिथलं पिंप सावकाश पिकतं. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं आठ वर्षांनी वेगळ्या चवीची निघतात ती यामुळे. उडून गेलेल्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात. केंटकीत तो वर्षाला काही टक्के असतो, गोव्याच्या दमट उकाड्यात त्याहून बराच जास्त. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या व्हिस्की कंपनीला हे गणित रोज सोडवावं लागतं, आणि त्यांचं माल्टही बर्बनच्याच वापरलेल्या पिंपांत पिकतं, कारण बर्बनवाल्यांना तेच पिंप दुसऱ्यांदा वापरायला कायदा परवानगी देत नाही.

कोठारांच्या भिंती आणि आसपासची झाडं काळी दिसली तर आग लागली होती असं समजू नका. ती अल्कोहोलच्या वाफेवर वाढणारी बुरशी आहे.

चौथा दिवस, फ्रँकफर्ट आणि परिसर. बफेलो ट्रेसच्या साध्या टूरला वर्षानुवर्षं पैसे पडत नाहीत, त्यामुळे जागा सगळ्यात आधी संपतात. सकाळची वेळ पकडा. एप्रिल २०२५ मध्ये केंटकी नदीचं पाणी आवारात शिरलं होतं. विटांच्या जुन्या इमारती बघताना नदी किती जवळ आहे ते कळतं. इथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात पॅपी व्हॅन विंकल ही दुर्मिळ, महागडी बर्बन असते. विसरा. दुकानात ब्लँटन्स, ईगल रेअर, वेलर यांपैकी त्या दिवशी जे निघालं असेल ते मिळतं, तेही ओळखपत्र स्कॅन करून, ठरावीक काळात माणशी एकच. रांग दार उघडण्यापूर्वीच लागते. बाटलीसाठी रांगेत उभं राहून टूर चुकवणं हा तोट्याचा सौदा आहे. चवीच्या शेवटी बर्बन क्रीम रूट बिअर या गोड, बिनदारूच्या पेयात घालून देतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण नको म्हणू नका.

दुपारी वुडफर्ड रिझर्व्ह किंवा कॅसल अँड की, दोन्ही पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात. वुडफर्डला दगडी इमारत आणि तांब्याची तीन मोठी भांडी. जागा देखणी, टूर थोडा घोटून पाठ केल्यासारखा. आमचं मत कॅसल अँड कीला. १८८७ ची ही ओल्ड टेलर डिस्टिलरी कित्येक दशकं ओसाड पडली होती, झाडं उगवली होती. २०१८ मध्ये ती पुन्हा उघडली. चावीच्या भोकाच्या आकाराचं झऱ्याचं कुंड, त्यावर खांबांचा मंडप, मागे चक्क किल्ला. फोटोसाठी संध्याकाळचं ऊन हवं. वाटेत व्हर्सेल्झ लागेल. पॅरिसजवळचा व्हर्साय म्हणून रस्ता विचारलात तर कुणाला कळणार नाही.

फ्रँकफर्टमध्येच रेबेका रूथ या दुकानात बर्बन बॉल मिळतात, १९३८ पासूनचा प्रकार: चॉकलेटचं कवच, आत बर्बनचं सारण. देशी नेण्यासाठी चांगली भेट आहे, फक्त आजीला देताना आत काय आहे ते सांगा.

आता वाहतूक. तीन पर्याय आहेत, आणि चौथा पर्याय समजून लोक फसतात तो उबरचा. लुइव्हिलहून लोरेटोला उबर जाईल, परत यायला मिळणार नाही. डिस्टिलरीच्या आवारात फोनला रेंजही धड नसते. पहिला खरा पर्याय म्हणजे आपल्यातलाच एक जण चालक, जो त्या दिवशी थेंबही घेत नाही. त्याच्यासाठी काही ठिकाणी लहान बाटलीत नमुने बांधून देतात, विचारून बघा. दुसरा पर्याय व्हॅन चालकासह. सहा-आठ जणांत वाटून घेतली की सगळ्यात परवडते. तिसरा बसचा टूर. बसवाल्यांना पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: डिस्टिलरीची तिकिटं किमतीत आहेत का, जेवण कुठे आणि किती वेळ, प्रत्यक्ष टूर आहे की नुसतं चव घेणं, आणि हॉटेलपर्यंत सोडणार की एका ठरलेल्या चौकात. ‘तीन डिस्टिलऱ्या’ लिहिलेल्या जाहिरातीत पुष्कळदा एकीचा टूर आणि दोन ठिकाणी फक्त काउंटर असतं. चालकाला १५ ते २० टक्के टिप धरूनच हिशेब करा.

आणि दोनच का, याचं दुसरं गणित. एका ठिकाणी साधारण चार नमुने, प्रत्येकी १५ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे ६०. पण ही ४५ ते ६० टक्क्यांची बर्बन आहे. सरासरी ५० धरली तर आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या हिशेबात ७० मिलिलिटर झाली, म्हणजे एका मोठ्या पेगहून जास्त. दोन ठिकाणी झाले दोन, तेही दुपारी, उन्हात, चालून. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर असते आणि पैसे पूर्ण लागतात. ओतून टाकायला प्रत्येक टेबलावर भांडं असतं; ते वापरलं तर कुणी वाईट मानत नाही, उलट जाणकार समजतात. केंटकीत गाडी चालवायची रक्तातली मर्यादा ०.०८ आहे. उघडलेली बाटली गाडीत बसण्याच्या जागेत ठेवणं गुन्हा आहे, ती डिकीत टाका.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळींनी आधीच घ्यावी. लुइव्हिलची ओळख असलेलं ‘हॉट ब्राउन’ हे ब्राउन हॉटेलमधलं १९२६ चं सँडविच टर्की आणि बेकनचं आहे. बर्गू म्हणजे मटणाचा रस्सा समजा. तुमच्यासाठी बेनेडिक्टीन, म्हणजे काकडी आणि क्रीम चीजचं सँडविच, आणि बिअर चीज. रिकाम्या पोटी सकाळी दहाच्या टूरला जाऊ नका. हॉटेलच्या खोलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली तर ती भूक आणि बर्बन दोन्हींना चालते, कारण शेंगदाण्याचा तेलकटपणा जीभ सावरतो.

कधी जायचं? एप्रिलचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मेच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी असते, त्या आठवड्यात हॉटेलचे दर गगनाला भिडतात. घोड्यांसाठीच येत असाल तर गोष्ट वेगळी. सप्टेंबरात बार्ड्सटाउनला बर्बन फेस्टिव्हल असतो, तेव्हा तिथे खोली मिळणं कठीण. जुलै-ऑगस्टात बऱ्याच डिस्टिलऱ्या दुरुस्तीसाठी गाळप बंद ठेवतात: टूर चालू, हौद रिकामे. तिकीट काढताना ‘गाळप चालू आहे का’ हा एक प्रश्न ईमेलने विचारा. रविवारी वेळा कमी असतात, सोमवार-मंगळवारी काही ठिकाणं बंद. साधे टूर २० ते ४० डॉलरच्या दरम्यान, पिंपातून थेट काढून देणारे खास टूर त्याच्या कित्येक पट. लोकप्रिय ठिकाणांची तिकिटं दोन महिने आधी काढा, आणि आधी तिकिटं, मग हॉटेल, असा क्रम ठेवा. उलट केलंत की वेळापत्रक हॉटेलच्या मागे धावतं.

एक दिवस वाढवता आला तर मॅमथ केव्ह. जगातली ज्ञात असलेली सगळ्यात लांब गुहा, सहाशेहून अधिक किलोमीटर मोजून झालेली, आणि बर्बनला पाणी देणारा चुनखडीचा दगडच तिलाही कारण. तिथलं घड्याळ मात्र लुइव्हिलपेक्षा एक तास मागे चालतं. जाताना तास हातात उरतो, पण परतीच्या दिवशी दुपारची डिस्टिलरी ठरवली असेल तर तोच तास खिशातून जातो. जॅक डॅनियल्स याच सहलीत उरकू, असं कुणी म्हणालं तर नकाशा दाखवा. ती टेनेसीत लिंचबर्गला आहे, बार्ड्सटाउनहून तीन-चार तासांवर, आणि तिथले लोक आपल्या मालाला बर्बन म्हणत नाहीत.

बाटल्या भारतात नेण्याचा हिशेब. माणशी दोन लिटर शुल्काशिवाय. अमेरिकन बाटली ७५० मिलिलिटरची, त्यामुळे दोन घेतल्या की दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन. म्हणजे दोन मोठ्या आणि एखादी ३७५ ची, इतकंच गणित बसतं. विमानात चेक-इन सामानात ७० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल चालत नाही. पिंपातून थेट भरलेल्या काही बाटल्या १४० प्रूफच्या वर जातात, त्या विमानतळावर काढून घेतील. प्रूफला दोनने भागलं की टक्के. बाटली उभी ठेवायची सोय नसेल तर बुचावर प्लास्टिक आणि चिकटपट्टी गुंडाळा, कारण आडव्या बाटलीतलं अल्कोहोल बूच खातं. मग जिपलॉक, मग जाड मोजा, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत. भारतात बर्बनवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, त्यामुळे नेहमीचे ब्रँड ओझं करून नेण्यात फारसा फायदा राहिलेला नाही. न्यायचंच तर इकडे येत नाही ते न्या: फोर रोझेसची एखादी सिंगल बॅरल, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली, चार अक्षरं नीट वाचून घेतलेली.